फुलराणीची वाणी

विनोदी नटीची परीक्षा हंशांच्या संख्येवरून करण्याची आपल्याकडे रूढि आहे. ती किती अपुरी, हें भक्ति बर्वे (१९४८–२००१) यांच्या कर्तृत्वावरून कळतें. सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून पुढें आलेल्या या अभिनेत्रीस १९७५ सालीं ‘ती फुलराणी’नें कीर्ति दिली. शॉच्या ‘पिग्मॅलियन’चें पु. ल. देशपांडे यांनीं केलेलें हें रूपांतर.

मंजुळेची गांवढळ बोली शुद्ध होत जाते, त्यांत बाईंचें नैपुण्य आहे, असें बहुधा म्हटलें जातें. आमच्या मतें तें दुय्यम होय. फुलें विकणारी मंजुळा अशुद्ध बोलते, तेव्हांही तिची बुद्धि आणि तिचा मान बाईंनीं झांकूं दिला नाहीं. म्हणूनच प्राध्यापकावरील तिचा संताप हंसवितो, पण हास्यास्पद होत नाहीं. हंसतां हंसतां प्रेक्षक वरमतो. कारण शुद्ध बोलणें म्हणजेच सुसंस्कृतपणा, ही आम्हां शिकलेल्यांची समजूत तेथें उघडी पडते.

‘जाने भी दो यारों’ (१९८३) या हिंदी चित्रपटांतील संपादिका शोभा हें नेमकें उलट चित्र : वाणी घोटीव, अंतर्याम लोभी. दोन्ही ठिकाणीं भाषा व माणूस यांतील अंतरांतूनच विनोद उपजला आहे.

१२ फेब्रुवारी २००१ रोजीं वाईहून मुंबईस परततांना, आमच्या पनवेलजवळ भाताणच्या बोगद्यापाशीं, मोटारीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. यापुढें मंजुळा रंगविणाऱ्या नटींनीं बाईंच्या लकबी उचलण्यापेक्षां हें मर्म ओळखावें.