शेंदरी बोंडअळीचा जनुकसंच : पाठ आणि पाठभेद

अमेरिकेतील कीटकशास्त्र ज्या किडीची गणना परकीय आक्रमकांत करते, त्या शेंदरी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली भडोचच्या नमुन्यांवरून झाले. १९१७ मध्ये ती टेक्ससमध्ये आढळली आणि २०१८ मध्ये तिचे तेथील कापूसपट्ट्यातून निर्मूलन झाल्याचे अमेरिकेने जाहीर केले. वऱ्हाडात मात्र आदल्याच वर्षी, म्हणजे २०१७ च्या हंगामात, तिने बीटी कपाशीची बोंडे पोखरली होती. तिच्या जनुकसंचाच्या वाचनाचे मोल अकोल्यास ठरवावयाचे तर कसोटी निराळीच लावावी लागेल.

ॲरिझोनातील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांत कॅडहेरिन जनुकाची तीन सदोष रूपे ओळखली; त्यांचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून डीएनए-चाचणी बसविण्यात आली, आणि २००१ ते २००५ या काळातील हजारो शेतकिडे तपासूनही त्यांत ती रूपे मिळाली नाहीत. तेथील प्रश्नाला ही चाचणी पुरेशी होती. भारतीय शेतांतील प्रतिकारक्षम अळ्यांवरील २०१४ च्या निबंधाने मात्र चित्र पालटले. त्यात याच जनुकाची अगोदर न नोंदलेली आठ सदोष रूपे आढळली आणि त्यांपासून दूत-आरएनएचे एकोणीस प्रकार निघाले. आठांपैकी सात रूपे प्रत्येकी दोन वा अधिक प्रकारचे दूत-आरएनए निर्माण करीत होती, कारण त्याच्या तुकड्यांची जोडणी एकाच रीतीने होत नव्हती.

येथेच संदर्भ-जनुकसंचाची मर्यादा उघड होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर संस्थेच्या संपादकांनी एका पोथीवर विसंबून पाठ ठरविला नाही. जनुकसंचाच्या अभ्यासकांना हे तत्त्व अज्ञात आहे असे मुळीच नाही; परंतु 'संपूर्ण वाचन झाले' या घोषणेच्या भरात ते मागे पडते. एका वाणाचा जनुकसंच पाठाची चौकट देतो, पाठभेद देत नाही. आणि प्रतिकारक्षमता तर पाठभेदांतच वसते. शिवाय डीएनएच्या ओळीवरून दूत-आरएनए कोणत्या रीतीने जोडला जाईल हे दर वेळी वर्तविता येत नाही. तेव्हा आरएनएचे वाचन हे त्या कामाचे परिशिष्ट नसून अर्धे अंग होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कॅडहेरिनमधील दोष प्रतिकारक्षमता कशी आली ते सांगतो, ती इतक्या वेगाने का पसरली ते सांगत नाही. दोन्ही देशांत पीक तेच आणि विषही तेच. तथापि इकडे बीटी नसलेल्या कपाशीच्या आश्रय-ओळी बहुधा लावल्याच गेल्या नाहीत, संकरित वाणांचा हंगाम लांबला, आणि फरदडीने अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न पुरविले. फरदडीची नोंद कोणत्याही गुणसूत्रावर सापडणार नाही. ती नमुन्याच्या डबीवर, बोंड तोडतानाच, करावी लागते : गाव, वाण, पेरणीची तारीख, आणि बोंड हंगामातील की फरदडीतील.