पाठभेद मोजावे की वाचावे?

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवलेले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेली ‘कुवलयमाला’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. उद्द्योतनसूरींच्या इ. स. ७७९ च्या या ग्रंथात मराठी बोलणारे व्यापारी भेटतात, म्हणून तो आपल्या ओळखीचा. उपाध्यांच्या हाती पोथ्या दोन: जैसलमेरची ताडपत्री आणि पुण्याची कागदी. दोन पोथ्यांतले पाठभेद मोजता येतात. त्यांवरून घराण्याच्या फांद्या ठरवता येत नाहीत. महाभारताच्या आदिपर्वासाठी (१९३३) विष्णु सीताराम सुकथनकरांपुढे सुमारे साठ पोथ्या होत्या. त्यांनी वंशवृक्ष काढला. पण एका शाखेतले पाठ दुसरीत मिसळतात, हेही बजावले.

जीवशास्त्रात आज हाच पेच आहे. प्रत्येक जनुकाचा वंशवृक्ष वेगळा निघू शकतो. गोरिलाच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस आणि चिंपांझी सर्वांत जवळचे, हे त्यातही कायम राहिले; तरी जनुकसंचाच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला या दोघांपैकी एकाच्या अधिक जवळ निघाला. मूळ पूर्वजांतच जनुकाची अनेक रूपे होती, ती वंशजांत वेगवेगळी वाटली गेली.

अशा दोन वृक्षांतले अंतर मोजण्याची रूढ रीत रॉबिन्सन आणि फोल्ड्स यांनी १९८१ मध्ये मांडली. वृक्षाची आतली एक फांदी तोडली की पानांचे दोन गट पडतात. जी विभागणी एकाच वृक्षात सापडते, दुसऱ्यात नाही, ती मोजायची. रीत सोपी, झटपट आणि म्हणूनच लोकप्रिय.

माझा आक्षेप इथे आहे. एकाच कण्यावर ओळीने पाने फुटलेल्या वृक्षात टोकाचे एक पान उचलून दुसऱ्या टोकाला लावा: बाकी क्रम जसाच्या तसा, तरी एकही विभागणी जुळत नाही आणि अंतर कमाल भरते. एका पानाचे स्थलांतर आणि साऱ्या घराण्याची उलथापालथ यांना मग एकच आकडा मिळतो. शिवाय तो फरक चुकीच्या अनुमानाचा की खऱ्या इतिहासाचा, हेही आकडा सांगत नाही.

पुढच्या रीतींनी यातले काही दोष कमी केले. पण एकाच आकड्यावर थांबण्याची सवय उरते. चिकित्सक संपादक पाठभेदांची नुसती बेरीज देत नाही. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ तळटीपेत, पोथीच्या खुणेसह. उद्याच्या वाचकाला त्याचा निर्णय फिरवता येतो, तो त्या तळटीपांमुळे. जनुकवृक्षांचे अंतर जरूर मोजावे. मात्र कोणती फांदी कुठे जुळली नाही, हेही आकड्याखाली छापावे.