रबर आणि रिकामी जागा

महिंद्राची थार 2020 साली नव्या रूपात आली, तेव्हा तिला दोन तऱ्हेची चाकं होती. महागड्या एलएक्सला 18 इंची अलॉय आणि 255/65 चा टायर. साध्या एएक्सला 16 इंची लोखंडी रिम आणि 245/75. शोरूममध्ये नजर अलॉयवर खिळते. मला मात्र ते लोखंडी चाकच जास्त देखणं वाटतं. कारण टायरवरच्या आकड्यांत आहे. 245 ही मिलिमीटरमधली रुंदी, आणि तिच्या 75 टक्के, म्हणजे साधारण 184 मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. 18 इंची चाकाला हीच उंची 166 च्या आसपास भरते. बाहेरून बघाल तर दोन्ही चाकांच्या व्यासात जेमतेम दीड सेंटिमीटरचा फरक. पण एकात धातू जास्त, दुसऱ्यात रबर. दगडावर चढताना हेच जास्तीचं रबर दबतं, दगडाला कवेत घेतं आणि रिमला मार लागू देत नाही.

आता टायरची नक्षी बघा. डांबरासाठी केलेल्या टायरवर सलग पट्ट्या असतात आणि त्यांच्यामधून गोल फिरणाऱ्या तीन-चार खोल खाचा. पावसाचं पाणी या खाचांतून मागे फेकलं जातं आणि रबर रस्त्याला चिकटून राहतं. पट्ट्यांवर अंगठा फिरवला की ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक रेषा लागतात. ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की या रेषा किंचित उघडतात आणि त्यांची प्रत्येक कड रस्ता धरते. ताम्हिणी घाटाच्या पावसात गाडी वळणावर शिस्तीत राहते त्यात या रेषांचा वाटा फार मोठा आहे.

चिखलाच्या टायरवर सलग पट्टी नसतेच. एकेकटे उभे जाड ठोकळे आणि त्यांच्यामध्ये बोटं सहज जातील एवढ्या फटी. मला या टायरचं खरं सौंदर्य त्या फटींत दिसतं. चिखलात ठोकळा रुततो, फटीत चिखल भरतो, आणि चाक फिरलं की तो बाहेर भिरकावला जाऊन पुढच्या फेरीला फट पुन्हा मोकळी मिळते. फटी बुजल्या की टायर गुळगुळीत झाल्यातच जमा. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे फार लवकर होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे तिरके उंच दांडे याच विचाराने केलेले असतात, फक्त तिथे तो विचार टोकाला नेलेला आहे. काही टायरांत फटीच्या तळाशी छोटे उंचवटेही असतात. अडकलेला खडा आत घुसून रबर फाडण्याआधी ते त्याला बाहेर ढकलतात. एवढ्याशा जागेचाही कुणीतरी विचार केला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण हाच टायर डांबरावर आला की रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं, बारीक रेषाही थोड्याच असतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. शिवाय तो गुणगुणतो. हा आवाज एकसुरी होऊ नये म्हणून ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवलेले असतात.

पुण्याहून किल्ल्याच्या पायथ्याला जाणाऱ्याचा बहुतेक प्रवास डांबरावरच होतो, चिखल शेवटी थोडासा. त्याने दोन्हींच्या मधला, ऑल-टेरेन टायर घ्यावा. निव्वळ रुबाबासाठी चिखलाचे टायर चढवू नयेत. रिम लोखंडी असावी. मार बसला तर ती वाकते, आणि बऱ्याचदा ठोकून कामापुरती सरळही करता येते, अलॉय तडकतं. घाटातल्या वळणांवर अलॉयची गाडी जास्त चपळ वाटते, हे खरं.

उंच भिंतीची खरी मजा हवा कमी केल्यावर कळते. 32 पीएसआयवरून 20 वर आणा. टायर लांबट पसरतो, जमिनीवरचा ठसा वाढतो आणि मघाशी घसरणारी गाडी सावकाश वर चढू लागते. डांबरावर परतलात की आधी हवा भरा. कमी हवेवर वेगाने गेलं की तीच भिंत सारखी दुमडून तापते आणि टायर फुटू शकतो.