7.545 मधला शेवटचा पाच

अझैब्यातल्या दुकानाचं बिल आठवा: 2.350 रियाल. एका रियालचे 1000 बैसे, म्हणून दशांश चिन्हापुढे तीन आकडे. पैसे मोजलेले असतात, त्यामुळे बेरीज कितीही मोठी झाली तरी शेवटच्या बैशापर्यंत खरी. रसायनशास्त्रातले बहुतेक आकडे मात्र मापलेले असतात आणि मापाला कुठेतरी मर्यादा असते. सार्थ अंक म्हणजे त्या मर्यादेची प्रामाणिक नोंद.

तुमच्यापैकी अनेकांनी, मस्कतमध्ये असो वा भारतात, हे एनसीईआरटीच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचलं असेल. तिथे 12.11 + 18.0 + 1.012 यांची बेरीज 31.122 येते आणि उत्तर 31.1 लिहायला सांगतात, कारण 18.0 ला दशांशानंतर एकच अंक आहे. अगदी बरोबर. पण त्याच प्रकरणात, थोडं आधी, 6.65×10⁴ + 8.95×10³ ही बेरीज आहे. घातांक सारखे करून उत्तर दिलंय 7.545×10⁴. आणि विषय संपला!

आता हीच बेरीज आपल्या एकं-दहं-शतंमध्ये मांडा. पहिली संख्या शतंच्या घरापर्यंतच माहीत आहे. उत्तरातला शेवटचा पाच दहंच्या घरात बसलाय. तो आला कुठून? पुस्तकाच्याच नियमाने (पाचाच्या आधी सम अंक असेल तर तो तसाच ठेवा) उत्तर 7.54×10⁴ हवं. तिथे मुद्दा घातांकांचा होता, हे मान्य. पण सार्थ अंक शिकवून झाल्यावर या उदाहरणाकडे परत यायला हवं होतं. नियमही ‘दशांश चिन्हाच्या उजवीकडचे अंक’ असा सांगितल्यामुळे मुलांना वाटतं, मोठ्या संख्यांना तो लागूच नाही. खरा नियम घराचा आहे, टिंबाचा नाही.

म्हणूनच 6.022×10²³ मध्ये एक अब्ज गुणिले एक अब्ज रेणू मिळवले तरी उत्तर 6.022×10²³ च राहतं. गंमत म्हणजे 20 मे 2019 पासून अ‍ॅव्होगॅड्रो स्थिरांक व्याख्येनेच नेमका 6.02214076×10²³ प्रति मोल ठरलाय. त्या पूर्ण संख्येत एक मिळवला तर तो एकसुद्धा टिकतो, बिलातल्या बैशासारखा.

तेव्हा बेरजेआधी विचारा: खात्री कुठल्या घरापर्यंत आहे? उत्तर तिथेच थांबवा.