गाडीच्या आत बसून चाललेला वाद



आजच्या पत्रकावर विषय छापलाय तो असा : 'विजेच्या आणि स्वयंचलित गाड्या – सुरक्षितता आणि भविष्य'. त्यातल्या भविष्याबद्दल मी फारसं बोलणार नाही. भविष्य सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांची दक्षिणाही ठरलेली असते. मला बोलायचंय ते या गाड्यांवरून गेली दहाएक वर्षं जो वाद चाललाय त्याबद्दल. एखाद्या कादंबरीचं आपण परीक्षण करतो ना, कथा कोण सांगतंय, कोणाच्या नजरेतून सांगतंय, कोणाला वाक्यच दिलेलं नाही, तसं या वादाचं करून बघू.

आधी एक गाठ सोडवून घेऊ. विजेची गाडी आणि स्वतः चालणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत चाक कशाने फिरतं हा प्रश्न आहे, दुसरीत ते कुठे वळवायचं हे कोण ठरवतं हा. टेस्लाने दोन्ही एकाच दुकानात विकायला ठेवल्या म्हणून आपल्या डोक्यात त्या चिकटल्या. वेमो ही कंपनी कितीतरी वर्षं क्रायस्लरच्या हायब्रीड पॅसिफिका गाड्या विनाचालक चालवत होती. म्हणजे ही जोडी काही जन्माची नाही. पण दोन्ही वादांत एक खोड मात्र सारखी आहे, आणि तीच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय.

विजेच्या गाडीबद्दल आपण काय विचारतो? पेट घेईल का? रास्त प्रश्न आहे. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. ठीक झालं. पण बघा, हा प्रश्न कोणाचा आहे? गाडी ज्याची आहे त्याचा. मी आत असताना पेटली तर? माझ्या पार्किंगमध्ये पेटली तर?

आता दुसरा प्रश्न घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या, म्हणजे एनटीएसबीच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका भाषणात विजेच्या गाड्यांच्या वजनाचा विषय काढला. त्यांनी उदाहरण दिलं विजेच्या हमरचं. ही गाडी ९,००० पौंडांच्या वर, म्हणजे चार टनांहून जड. नुसती बॅटरीच २,९०० पौंडांची, जवळजवळ एका होंडा सिविकच्या वजनाची. चार टन वजन अंगावर आलं तर सायकलवाल्याचं काय होतं हे सांगायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. आगीची बातमी मात्र घरोघर पोचली आणि वजनाची पोचली नाही. आगीची भीती विकत घेणाऱ्याला असते. वजनाची भीती ज्याला असायला हवी तो शोरूममध्ये येतच नाही.

या वादात बाहेरच्या माणसाने स्वतः तोंड उघडल्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. हायब्रीड आणि विजेच्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या शांतपणाचं सगळ्यांना कौतुक होतं. जाहिरातीतला तो मोठा गुण. अमेरिकेतल्या अंध व्यक्तींच्या संघटनेने सांगितलं, बाबांनो, आम्ही रस्ता कानाने ओलांडतो. गाडी ऐकूच आली नाही तर आम्ही कशाच्या भरवशावर पाऊल टाकायचं? त्यातून अमेरिकेत २०१० चा पादचारी सुरक्षेचा कायदा झाला. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीने कमी वेगात आवाज करणं सक्तीचं झालं. आत बसलेल्या कोणालाही हा प्रश्न सुचला नसता. सुचणार कसा? त्याला ती शांतता हवीच होती.

आता स्वयंचलित गाड्यांकडे येतो. इथे मला थोडं रेंगाळायचंय.

या वादाचा एक लाडका आकडा आहे : ९४ टक्के. तुम्ही ऐकला असेल. 'चौऱ्याण्णव टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात, म्हणून माणूस काढला की अपघात गेले.' हा आकडा आला अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१५ च्या एका छोट्याशा टिपणातून. त्या टिपणात काय म्हटलंय? अपघाताआधीच्या घटनांच्या साखळीतली शेवटची कडी ९४ टक्के वेळा चालकाची होती. आणि तिथेच पुढे स्पष्ट लिहिलंय की याला अपघाताचं कारण समजू नका, दोष कोणाचा हे यावरून ठरवू नका. म्हणजे आकडा देणाऱ्यानेच हात जोडून सांगितलंय, असं वाचू नका. लोकांनी नेमकं तसंच वाचलं. भाषणांत, सादरीकरणांत, मंत्रालयांच्या पुस्तिकांत. रस्ता रुंद कोणी केला, दिवा का नव्हता, वेगमर्यादा कोणी ठरवली, हे सगळं त्या शेवटच्या कडीखाली गाडलं गेलं. साहित्याच्या परीक्षणात याला आपण सोयीस्कर उद्धरण म्हणतो. इथे त्यावर हजारो कोटींची गुंतवणूक उभी राहिली.

दुसरा मजकूर म्हणजे ते प्रसिद्ध लेव्हलचं कोष्टक. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये काढलेलं, शून्य ते पाच. हल्ली आपल्याकडे गाड्यांच्या जाहिरातीतही 'लेव्हल टू' अभिमानाने लिहितात. कोष्टक म्हणून चांगलं आहे, माझी तक्रार नाही. पण ते नीट वाचा. पहिलाच प्रश्न आहे, चालकाच्या जागेवर बसलेल्या माणसाने काय करायचं? पाचही पायऱ्या चढून जा, शेवटपर्यंत विषय तोच : आत बसलेला लक्ष ठेवणार की झोपणार? गाडीसमोर कोण येऊ शकतं आणि गाडी त्याला ओळखते का, याची पायरी त्यात कुठेच नाही. हे कोष्टक म्हणजे सुरक्षिततेची शिडी असं आपण समजतो. ती कामाच्या वाटणीची शिडी आहे. लेव्हल वाढली म्हणजे समोरच्याचा धोका घटला, असं त्यात कोणी म्हटलेलंच नाही.

आणि आता टेम्पी. ॲरिझोना राज्यातलं गाव. १८ मार्च २०१८, रात्री दहाच्या सुमारास उबर कंपनीची चाचणीची गाडी, व्होल्वो एक्ससी नव्वद, स्वतः चालत होती. सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी ४९ वर्षांची एक बाई त्या गाडीखाली गेली. स्वयंचलित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली नोंद. एनटीएसबीचा २०१९ चा अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचलाय. कोरडा, सरकारी भाषेतला. पण गेल्या दहा वर्षांतलं या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक लेखन मला तेच वाटतं.

अहवाल सांगतो, गाडीला ती बाई दिसली होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. साडेपाच सेकंद म्हणजे एक सावकाश घेतलेला श्वास आणि त्यावर थोडं. मग काय झालं? यंत्रणेने आधी ठरवलं, ही गाडी आहे. मग, काहीतरी आहे. मग, सायकल आहे. मत बदललं की आधीची नोंद पुसली जाई आणि ही वस्तू कुठे चाललीय याचा हिशेब पहिल्यापासून सुरू. चालत जाणारं माणूस हा पर्याय तिला सुचलाच नाही. का? तर त्या जागी झेब्रा क्रॉसिंग नव्हतं. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडेल ही शक्यता त्या यंत्रणेत धरलेलीच नव्हती. भरीस भर, व्होल्वोचा स्वतःचा आपोआप लागणारा ब्रेक उबरने बंद ठेवला होता, दोन यंत्रणांत गोंधळ नको म्हणून.

आता हेच वाक्य पुण्याच्या लक्ष्मी रोडवर उभं राहून म्हणून बघा. 'झेब्रा क्रॉसिंग नाही, म्हणजे माणूस नाही.' (हशा) हसलात. बरोबर आहे. आपल्याकडे जिथे पट्टे आहेत तिथेही ते पुसून गेलेत. आपला माणूस रस्ता ओलांडतो तो हात दाखवून. तळहात पुढे, नजर ड्रायव्हरच्या नजरेत, आणि पाऊल. एसटीने तर 'हात दाखवा, एसटी थांबवा' अशी योजनाच काढली होती. तो हात म्हणजे आपल्याकडचा वाहतुकीचा अलिखित कायदा आहे, आणि तो चालतो समोर कोणीतरी बघणारं आहे या विश्वासावर.

इंग्रजीत अशा माणसाला जेवॉकर म्हणतात. हा शब्दही बघण्यासारखा आहे. 'जे' म्हणजे गावंढळ, शहरात कसं चालायचं हे न कळणारा. शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेत मोटारी आल्या तेव्हा रस्ता सगळ्यांचा होता. मोटारवाल्या मंडळींनी हा शिवीवजा शब्द जोर लावून रुजवला आणि रस्ता कोणाचा हे उलटं झालं. पीटर नॉर्टन यांनी 'फायटिंग ट्रॅफिक' या २००८ च्या पुस्तकात हा इतिहास लिहिलाय, जरूर वाचा. शंभर वर्षांपूर्वीची ती शिवी २०१८ मध्ये संगणकाच्या आज्ञावलीत निघाली, फरक इतकाच.

खटल्याचं काय झालं तेही सांगतो. कंपनीवर फौजदारी कारवाईला आधार नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये ठरवलं. गाडीत देखरेखीसाठी बसलेल्या कर्मचारी बाईंवर खटला झाला. त्या मोबाइलकडे बघत होत्या, ते खरंच आहे आणि अहवालही ते पहिलं कारण म्हणून सांगतो. २०२३ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. माणसाची चूक! ९४ टक्क्यांत आणखी एकाची भर. जे काम यंत्र करतं ते तासन् तास नुसतं बघत बसायचं, आणि एका सेकंदात जागं व्हायचं, ही नोकरी माणसाला जमणारी आहे का, हा प्रश्न कोर्टासमोर नव्हता.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट, आणि ती टाळून चालणार नाही. वेमोने जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५.६७ कोटी मैलांचा हिशेब प्रसिद्ध केलाय. माणूस चालवतो त्या गाड्यांच्या तुलनेत पादचारी जखमी होण्याचे अपघात ९२ टक्के कमी. अभ्यास करणारे कंपनीचेच लोक आहेत, पण शोधनिबंध तज्ज्ञांनी तपासून छापलाय, आकडे कोणालाही पाहता येतात. मला हा आकडा आवडतो, आणि आवडण्याचं कारण त्याचा मोठेपणा नाही. त्यात पादचाऱ्याचा वेगळा रकाना आहे, म्हणून तो आवडतो. मृत्यूंबद्दल मात्र थांबावं लागेल. अमेरिकेत साधारण नऊ कोटी मैलांमागे एक मृत्यू होतो. रँड या संस्थेने २०१६ मध्येच गणित मांडलं होतं की मृत्यूच्या बाबतीत नुसतं बरोबरीने असल्याचं खात्रीने सांगायलाही साडेसत्तावीस कोटी मैल एकही मृत्यू न होता चालवावे लागतील. शिवाय ते मैल फिनिक्सचे आहेत, सॅन फ्रान्सिस्कोचे आहेत. भोसरीचे नाहीत.

त्याच सॅन फ्रान्सिस्कोत २ ऑक्टोबर २०२३ ला क्रूझ कंपनीच्या गाडीने काय केलं? दुसऱ्याच एका गाडीने उडवलेली बाई हिच्यापुढे पडली. ही थांबली, आणि मग बाजूला उभं राहायचं म्हणून निघाली, बाई खाली अडकलेली असताना, सुमारे वीस फूट. गाडीखाली माणूस आहे हे तिच्या हिशेबात नव्हतं. त्याच महिन्यात परवाना स्थगित झाला, आणि २०२४ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने या रोबोटॅक्सीला पैसे देणंच थांबवलं.

आपल्याकडे हा वाद नितीन गडकरींनी एका वाक्यात मिटवला. २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात ते म्हणाले की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. पोटाचा प्रश्न आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण बघा, हाही विचार चालकाच्या सीटचाच.

त्यांच्याच मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल उघडा. वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७, पायी चालणारी ३२,८२५. दोघांची बेरीज केली तर शंभरातली चौसष्ट. मोटारीत बसलेली शंभरात तेराही नाहीत. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे कशाला? आतल्या प्रौढांना आणि आतल्या मुलांना. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या विजेच्या गाड्यांना पाच-पाच तारे मिळाले, आनंद आहे, मेहनतीचं काम आहे. चांगल्या ताऱ्यांसाठी पादचारी संरक्षणाची एक अट त्यात आहे. पण तिचा तारा नाही, म्हणून ती जाहिरातीत येत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही.

आज ना उद्या कोणीतरी कंपनी हिंजवडीत किंवा नवी मुंबईत चाचणीची परवानगी मागेल. तेव्हा समितीवर कोण असेल हे आत्ताच सांगता येतं : उत्पादक, विमावाले, परिवहन खातं, एखादे प्राध्यापक. तिथे मला एक साधी चाचणी झालेली पाहायचीय. पट्टे पुसलेला रस्ता, संध्याकाळची वेळ, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई, आणि तिने पुढे केलेला हात. गाडी काय करते ते कागदावर लिहा, आणि तो कागद लोकांसमोर ठेवा.

मी इथे थांबतो. मागच्या रांगेत मघापासून एक हात वर आहे, तिकडून सुरुवात करू.