जुनें धनुष्य आणि जुना ग्रंथ

जनकाच्या घरचें शिवधनुष्य श्रीरामानें मोडलें, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली असते. ऐकतांना आपलें सारें लक्ष रामाच्या बाहुबलाकडे असतें. धनुष्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. वाल्मीकीनें मात्र त्याविषयीं दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. तें लोखंडी पेटींत, आठ चाकांच्या गाड्यावर ठेवलेलें होतें, आणि त्याची पूजा होत असे. पिढ्यान्‌पिढ्या तें पूजिलें गेलें. ओढलें मात्र कोणाच्यानें गेलें नाहीं. धनुष्यें घडविणाऱ्या एखाद्या कारागिराला ही कथा सांगितली, तर रामाच्या सामर्थ्याविषयीं तो शंका घेणार नाहीं. पण दीर्घकाळ निजलेलें धनुष्य एका दमांत पुरतें ओढल्यावर मध्यावर मोडलें, याचें त्याला नवलही वाटणार नाहीं. देवकथेला सुताराचे नियम लावूं नयेत, हें मला मान्य आहे. तरी या कथेंत दडलेला प्रश्न खरा आहे. पूर्वजांनीं हातानें घडविलेली सुंदर वस्तु आपल्या हातीं आली, तर तिची पूजा करावी कीं तिचा वापर करावा? हा प्रश्न धनुष्याला जितका लागू आहे, तितकाच जुन्या ग्रंथालाही लागू आहे. म्हणून ज्या ग्रंथांत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्याचें थोडें रसग्रहण येथें करावयाचें योजिलें आहे.

हा ग्रंथ म्हणजे रॉजर ॲस्कम याचा ‘टॉक्सॉफिलस’. तो इ.स. १५४५ मध्यें प्रसिद्ध झाला. ॲस्कम हा केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांतील ग्रीक भाषेचा पंडित; पुढें राजकन्या एलिझाबेथचा तो शिक्षक झाला. शिक्षणाच्या इतिहासांत त्याचें नांव घेतलें जातें तें मरणोत्तर, १५७० सालीं, प्रसिद्ध झालेल्या ‘स्कूलमास्टर’ या ग्रंथामुळें. परंतु त्याचा जीव धनुर्विद्येंत होता. ‘टॉक्सॉफिलस’ त्यानें आठव्या हेन्री राजाला अर्पण केला, आणि राजानें त्याला सालीना दहा पौंडांचें वेतन बांधून दिलें. लॅटिन किंवा ग्रीक भाषेंत लिहिणें आपल्या अभ्यासाला अधिक साजेसें झालें असतें, हें तो प्रारंभींच कबूल करतो. तरी आपल्या लोकांचा विषय आपल्या लोकांसाठीं आपल्याच भाषेंत मांडावा, असा त्याचा निश्चय आहे. इंग्रजी शिकून मराठींत लिहूं पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना ही कबुली वाचतांना परक्या गांवीं ओळखीचें माणूस भेटल्यासारखें वाटतें.

ग्रंथाची रचना संवादरूप आहे. धनुष्यप्रेमी टॉक्सॉफिलस आणि विद्याप्रेमी फिलोलॉगस या दोघांचें हें संभाषण. पूर्वार्धांत धनुर्विद्येचें समर्थन आहे, उत्तरार्धांत तिचें शिक्षण. स्पष्टच सांगावयाचें तर पूर्वार्ध आज रुक्ष वाटतो. ग्रीक व रोमन ग्रंथांतील दाखल्यांची तेथें इतकी गर्दी झाली आहे कीं, मूळ विषय त्या गर्दींत हरवतो. विद्वानानें आपल्या छंदाची लाज झांकण्यासाठीं पुराणपुरुषांची साक्ष काढावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय फिलोलॉगस फार लवकर हार मानतो. प्रतिपक्षाला खरें बळ दिल्यावांचून वादांत रंग भरत नाहीं, हें प्लेटोच्या या भक्तानें विसरावें याचें आश्चर्य वाटतें.

उत्तरार्धांत मात्र ॲस्कमची लेखणी एकदम मोकळी होते, कारण येथें तो पुस्तकांतलें सांगत नाहीं, हातानें जाणलेलें सांगतो. उभें राहणें, बाण दोरीला लावणें, ओढणें, क्षणभर धरणें आणि सोडणें, अशा पांच अंगांनीं तो नेमबाजी समजावून देतो. वाऱ्याविषयींचें त्याचें एक वर्णन तर कोणत्याही गद्यसंग्रहांत शोभावें असें आहे. टॉपक्लिफहून बरोब्रिजकडे तो घोड्यावरून चालला होता. स्वच्छ ऊन होतें. शेतांतला बर्फ रात्रीच्या गारठ्यानें टणक झाला होता, आणि वाटेवरचा भुसभुशीत बर्फ वारा उचलून त्या टणक थरावरून वाहून नेत होता. डोळ्यांना कधीं न दिसणारा वारा त्या दिवशीं त्याला दिसला: कोठें वेगवान, कोठें मंद, कोठें दुभंगलेला, कोठें एकाएकीं थांबलेला. या वर्णनांत अलंकार जवळजवळ नाहींत. बाण कोठें भरकटतो हें ज्याला कळून घ्यावयाचें आहे, त्याच्या नजरेची ही एकाग्रता आहे. आणि तीच येथें वाङ्मय झाली आहे.

धनुष्याच्या जपणुकीविषयीं ॲस्कम जें सांगतो, तें समजण्यासाठीं त्याच्या यू लाकडाचा गुण जाणला पाहिजे. आपल्या हिमालयांत ज्याला थुनेर म्हणतात, त्याच्याच जातकुळीचा हा सूचिपर्णी वृक्ष. त्याचें बाहेरचें फिकट लाकूड ताण सोसतें, आंतलें तांबूस लाकूड दाब सोसतें. कारागीर बाहेरचें लाकूड धनुष्याच्या पाठीला, म्हणजे नेमाच्या बाजूला, आणि आंतलें लाकूड पोटाला येईल अशा बेतानें तासतो. दोन स्वभावांचें हें सख्य टिकलें तरच धनुष्य टिकतें. तें बिघडलें कीं पोटावर आडव्या बारीक चुण्या उमटतात, किंवा पाठीचा एखादा तंतु सुटतो. यांपैकीं कांहींही दिसलें तर त्या धनुष्याचा नेमबाजीचा काळ संपला असें समजावें.

ॲस्कमचे नियम साधे आहेत. मेणाच्या लोकरी फडक्यानें धनुष्य पुसावें. दगडी भिंतीजवळ ठेवूं नये, ओल धरून तें दुबळें होतें. विस्तवाजवळ ठेवूं नये, तें ठिसूळ होतें. नव्या धनुष्यावरून प्रथम जड बाण सोडावे, आणि तें कोठें अधिक वांकतें हें पाहून त्या जागेची वेळींच काळजी घ्यावी. गेल्या शतकांतलीं किंवा त्यापूर्वींचीं हातघडणीचीं धनुष्यें आज ज्यांच्याजवळ आहेत, त्यांनीं यांत थोडी भर घालावी. धनुष्य कोपऱ्यांत एका टोकावर उभें न करतां दोन खुंट्यांवर आडवें ठेवावें. त्याचें जुनें रोगण खरवडूं नये. मुठीजवळचा कारागिराचा शिक्का व वजनाचा आंकडा त्याबरोबरच नाहींसा होतो. कापसाचा बोळा अंगावरून फिरवून सुटलेला तंतु शोधावा. जुन्या दोरीवर विश्वास ठेवूं नये. नवी घ्यावी, पण मुळींच न ताणणारी आधुनिक दोरी लावूं नये, तिचा हिसका जुन्या टोकांना सोसत नाहीं. दोरी व मूठ यांत आवळलेल्या मुठीवर अंगठा उभा केल्याइतकेंच अंतर असावें. पहिल्या दिवशीं चार-सहा बोटेंच ओढावें, मग हळूहळू वाढवावें, आणि ज्या लांबीच्या बाणासाठीं तें घडविलें त्यापलीकडे कधींही ओढूं नये. बाणावांचून दोरी कदापि सोडूं नये. बाणाबरोबर जावयाचा जोर उलट लाकडांतच फिरतो. जवळ कोणाला उभें राहूं देऊं नये, आणि काम होतांच दोरी उतरावी.

हे नियम मला ग्रंथांतून कळले तेव्हां उशीर झाला होता. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत एक जुनें विलायती धनुष्य टांगलेलें असे. त्यांच्या वडिलांना तें कोणीतरी भेट दिलें होतें. एका मे महिन्यांत, चारचौघांदेखत, मीं तें खालीं काढलें, दोरी चढविली आणि कानापर्यंत ओढलें. बंदुकीसारखा आवाज झाला. एक तुकडा माझ्या कपाळाला चाटून गेला. मीं क्षमा मागूं लागलों तेव्हां त्यांनीं आधीं माझें कपाळ पाहिलें, मग दोन्ही तुकडे उचलले आणि इतकेंच म्हणाले, “प्रोफेसर, आपण ग्रंथ उघडतांना पानें कशीं हळू उलटतां!” ते आतां नाहींत. त्यांचें वाक्य मला अजून पुरतें सुटलेलें नाहीं.

ॲस्कमच्या ग्रंथांत एक उणीव आहे, ती त्याच्या काळाची. त्याच्यापुढें धनुष्य हें वापरून झिजवावयाचें हत्यार आहे. झिजल्यावर दुसरें मिळणारच. ज्याच्यासारखें दुसरें मिळणार नाहीं अशा धनुष्याचा विचार त्याला करावा लागला नाहीं. तो आपल्याला करावा लागतो. ज्या १५४५ सालीं ‘टॉक्सॉफिलस’ प्रसिद्ध झाला, त्याच सालीं हेन्री राजाचें ‘मेरी रोज’ हें लढाऊ जहाज बुडालें. १९८२ मध्यें त्याचा सांगाडा वर काढला गेला. त्या जहाजांत यूचीं शंभराहून अधिक धनुष्यें सांपडलीं. आज तीं पोर्ट्समथच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांचें बळ अजमावण्यासाठीं अभ्यासकांनीं तशींच नवीं धनुष्यें घडवून ओढलीं. मला हा मार्ग विवेकाचा वाटतो. जें एकमेव आहे, जें दुखावलेलें आहे, तें जपावें व त्याची प्रतिकृति ओढावी. जें निरोगी आहे, तें त्याची मर्यादा ओळखून अधूनमधून मैदानावर न्यावें. नुसतें टांगलेलें धनुष्य ही शेवटीं एक सुबक काठीच होय. तें वांकतें आणि परत येतें, तेव्हांच घडविणाऱ्याच्या हाताची ओळख पटते.

जुन्या ग्रंथांचेंही असेंच आहे. आपण त्यांची पूजा करतों, किंवा आपल्या आजच्या मतांसाठीं त्यांना भलतेंच ताणतों. आणि दोन्ही वेळां ते आपल्याला बोलत नाहींत. ‘टॉक्सॉफिलस’चा पूर्वार्ध भराभर चाळावा, उत्तरार्ध सावकाश वाचावा, आणि बर्फावरचा तो वारा पुन्हां एकदां पहावा. शिवधनुष्य पेलणें हा आपल्या भाषेंत पराक्रमाचा वाक्प्रचार आहे. तें पेलून, ओढून, पुन्हां जागेवर जसेंच्या तसें ठेवणें यासाठीं मात्र आपल्याकडे शब्द नाहीं. तो असावयास हवा होता.