मेंग्ज, आंटोन राफाएल
(१७२८–७९). जर्मन चित्रकार व कलामीमांसक. जन्म बोहीमियातील आउसिख येथे. मूळचा डॅनिश असलेला त्याचा पिता इस्माएल हा ड्रेझ्डेन येथील सॅक्सन दरबारात चित्रकार होता. राफाएल व कोर्रेज्जो (आंतोन्यो आल्लेग्री) या इटालियन श्रेष्ठांच्या नावांवरून त्याने मुलाचे नाव ठेवले आणि त्या नावास साजेसा चित्रकार घडविण्याचा जणू विडाच उचलला. शिस्त कमालीची कठोर होती. १७४१ मध्ये त्याने मुलाला रोमला नेले. तेथे प्राचीन शिल्पे आणि व्हॅटिकनमधील मायकेलअँजेलो व राफाएल यांची भित्तिचित्रे यांवरून रेखाटने करणे, हाच मेंग्जचा मुख्य अभ्यासक्रम होता. मार्को बेनेफ्याल याचेही मार्गदर्शन त्याला लाभले.

१७४४ मध्ये ड्रेझ्डेनला परतल्यावर मात्र त्याला कीर्ती मिळाली ती पेस्टल व्यक्तिचित्रांमुळे. सोळाव्या वर्षी केलेल्या आत्मचित्रात (१७४४) खडूच्या भुकटीचा मऊपणा त्वचेच्या पोताशी एकरूप झाला आहे. नजर थेट व सावध आहे. येथे कोणाचीही नक्कल नाही, केवळ निरीक्षण आहे. सॅक्सनीचा इलेक्टर व पोलंडचा राजा तिसरा आउगुस्ट याने १७४५ मध्ये त्याला दरबारी चित्रकार नेमले. पुढे रोममध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारून १७४९ मध्ये मार्गेरीता ग्वात्सी हिच्याशी विवाह केला. १७५१ मध्ये तो प्रमुख दरबारी चित्रकार झाला. परंतु ड्रेझ्डेनमधील राजचर्चच्या वेदीचित्राचे निमित्त करून पुन्हा रोमला गेला तो तेथेच रमला.

१७५५ मध्ये रोमला आलेल्या व्हिंकेलमान या पुरातत्त्वज्ञाशी त्याचा स्नेह जुळला. राफाएलचे रेखन, कोर्रेज्जोचा छायाप्रकाश, तिशनचे रंग आणि ग्रीकांचे सौंदर्य यांतील उत्तमांश वेचावा, हे मेंग्जचे मत म्हणजे बालपणीच्या अभ्यासक्रमाचेच तात्त्विक रूप होय. व्हिला आल्बानीतील ‘पार्नासस’ (१७६१) हे छतचित्र त्याचे फलित. बरोक छतचित्रांतील ऊर्ध्वदर्शी आभास त्याने येथे टाळला. आकृती भिंतीवरील चौकटीत असाव्यात तशा शांतपणे मांडल्या. नव-अभिजाततावादाच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे खरे. तथापि मधला अपोलो प्राचीन पुतळ्याचीच आठवण देतो आणि भोवतीच्या कलादेवतांमध्ये परस्परसंबंध जवळजवळ नाही. व्हिंकेलमानने केलेली त्याची अमर्याद स्तुती या चित्रापुढे टिकत नाही; सोळा वर्षांच्या मुलाच्या त्या पेस्टलमध्ये याहून अधिक जिवंतपणा आहे. त्याच वर्षी तिसऱ्या चार्ल्सच्या निमंत्रणावरून तो माद्रिदला गेला.